गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचं बिल कसं तपासलं : माझा अनुभव

खानदेशात सरकारी कामातल्या उधळपट्टीचा विषय निघाला की बोलणं हमखास पाडळशाच्या धरणावर जातं. या निम्न तापी प्रकल्पाची मूळ किंमत सुमारे १४२ कोटी होती. सुधारित मान्यता घेत घेत ती ४,८९० कोटींच्या घरात गेली आणि पाव शतक उलटलं तरी काम चालूच आहे. नाहीतर जळगावच्या घरकुलांचा विषय निघतो. त्यात ठेकेदाराला बिनव्याजी उचल दिली होती, जागेच्या मालकीचाच पत्ता नव्हता, आणि २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. एवढी मोठी प्रकरणं सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाहीत. गावातल्या गल्लीचा काँक्रीट रस्ता मात्र टेप आणि वही घेऊन कोणालाही तपासता येतो. गिरणाकाठच्या आमच्या गावातल्या अशाच एका रस्त्याचं बिल मी तपासून घेतलं. त्यात काय काय करावं लागलं ते इथे लिहितो.

पहिलं काम म्हणजे रस्ता कोणत्या निधीतला आहे ते शोधणं. कामाच्या फलकावर कामाचं नाव, लेखाशीर्ष (सरकारी हिशेबात पैसा कोणत्या सदरातून आला ते), रक्कम आणि एजन्सी असायला हवी. बऱ्याच ठिकाणी फलक नसतो, किंवा रंग उडून रक्कम वाचता येत नाही. हे नीट शोधायचं कारण असं की एकच गल्ली दोन लेखाशीर्षांत दाखवली जाते. २५१५ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षातून ‘अमुक यांच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत’ आणि वित्त आयोगातून ‘मारुती मंदिर ते पाण्याची टाकी’ अशी दोन नावं असतात, पण प्रत्यक्षात मधला तुकडा तोच. वित्त आयोगाची कामं ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतात, ई-निविदेची कामं महाटेंडर्स या संकेतस्थळावर. आमदार निधी, दलित वस्ती आणि जनसुविधा यांच्या याद्या पंचायत समितीत मागाव्या लागतात. सगळ्या याद्या शेजारी ठेवून गावाचा नकाशा हाताने काढला की दुबार काम लगेच उघडं पडतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. साध्या कागदावर, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ लावू नये. ‘रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर येतं. ‘काम निकृष्ट का झालं?’ असंही विचारू नये. कागद मागता येतो, खुलासा मागता येत नाही. मी नावानिशी कागद मागितले: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (एमबीची) संबंधित पानं, सर्व रनिंग बिलं (काम चालू असताना निघणारी) आणि अंतिम बिल, क्यूब चाचणीचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघण्याचे) अहवाल, रॉयल्टीच्या (खडी-वाळू-मुरमासाठी सरकारला भरलेल्या रकमेच्या) पावत्या, आणि दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) नमूद असलेलं करारनाम्याचं पान. शिवाय ‘आधी अभिलेखाचं अवलोकन करू द्यावं, मग हव्या त्या पानांच्या प्रती घेईन’ हे वाक्य टाकलं. त्याने पानामागे २ रुपयांप्रमाणे होणारा खर्च कमी होतो, आणि अख्खी फाईल डोळ्यांखालून गेल्यामुळे एखादं पान वगळून प्रती देणं जमत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं ते नकाराचं: ठेकेदाराची हरकत आहे, त्रयस्थ पक्षाची माहिती देता येत नाही. हे उत्तर सर्रास दिलं जातं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. कलम ११ प्रमाणे त्रयस्थाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं घ्यायचं असतं, पण निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच करायचा असतो. नुसत्या हरकतीने माहिती अडत नाही. कलम ८(१)(घ) व्यापारी गुपितासाठी आहे. सरकारी पैशातून चुकतं झालेलं बिल आणि सरकारी अभियंत्याने लिहिलेली मोजमापं यांत ठेकेदाराचं कसलं गुपित? नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत २० रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, त्यात हेच दोन मुद्दे लिहिले. सुनावणीत अवलोकनाचा आदेश झाला, आणि मुदत उलटून गेलेली असल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे प्रती फुकट मिळाल्या. इथेही अडवलं असतं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील करायचं होतं. तिथे तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच जीव ओतावा.

आता खरी तपासणी. एमबीत लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर, म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. ग्रेड, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत, एम-२०. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने घ्यावे लागतात आणि एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी १२ क्यूब. फाईलमध्ये तीनच क्यूबचा अहवाल होता. त्यावरची तारीख एमबीतल्या काँक्रीट टाकल्याच्या तारखेनंतर तीन आठवडेही झाले नसतानाची. २८ दिवसांचा क्यूब त्याआधी फुटूच शकत नाही. अहवालातले आकडे कितीही चांगले असले तरी आधी या दोन तारखा जुळवून बघाव्यात.

जाडीची गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे. कडेला टेप लावला की पंधरा सेंटीमीटर अगदी बरोबर भरतात, कारण कडेला पाट्या उभ्या असतात आणि तिथे कमी टाकलं तर सगळ्यांनाच दिसतं. चोरी मधे होते. खालचा मुरूम मधोमध उंच ठेवून दाबतात, वरून काँक्रीट सपाट ओढतात. कडेला सहा इंच, मधे चार-साडेचार इंच. त्यामुळे तक्रारीत नुसतं ‘जाडी कमी आहे’ लिहून भागत नाही. अधिकारी येतात, कडेला टेप लावतात आणि ‘तक्रारीत तथ्य नाही’ असा शेरा मारून जातात. ‘रस्त्याच्या मध्यभागी तीन ठिकाणी तक्रारदारासमोर कोअर काढून पंचनामा करावा’ असंच लिहावं. कोअर म्हणजे यंत्राने रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना. माहिती अधिकार कायद्यातल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच, कलम २(ञ) मध्ये, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. त्याचा उल्लेख जरूर करावा.

खडी-वाळूचा हिशेबही याच आकड्यांवरून निघतो. १:२:४ चं मिश्रण धरलं तरी घनमीटरमागे सव्वासहा पोती सिमेंट आणि ०.८८ घनमीटर खडी लागते. ४५ घनमीटरला सुमारे २८० पोती आणि १४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी. रॉयल्टीच्या पावत्या १४ ब्रासच्या आसपास भरतात का, आणि भरत नसतील तर बिलातून रॉयल्टी कापली आहे का, ते बघावं. अंदाजपत्रकातला ‘लीड’, म्हणजे माल किती अंतरावरून आणायचा ते, बारकाईने वाचावं. मुरूम लांबच्या खाणीतून दाखवतात आणि प्रत्यक्षात गावाच्या शिवारातूनच उचलतात. प्रत्येक ब्रासमागे वाहतुकीचा पैसा जातो, आणि हा भाग सहसा कोणी तपासत नाही.

आमच्या रस्त्यात खोदाई फारशी नव्हती. पण चोपडा, यावल, रावेरकडच्या मंडळींनी नाल्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या बिलात खोदाईचं वर्गीकरण आधी बघावं. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांचे दर चढत जातात. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात खोल विहिरींनासुद्धा माती आणि वाळूच लागते. तिथे चार फुटांच्या खोदाईत कठीण खडक दाखवला असेल, तर शेजारच्या विहिरीचे फोटो तक्रारीला जोडावेत. तेवढा पुरावा बोलका असतो.

कोअर काढायचं ठरल्यावर जागा आपण सांगायच्या, ठेकेदाराने नाही. नमुन्यावर लगेच नंबर आणि सह्या घ्याव्यात, आणि तो शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरावा. तीन कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि कोणताही एक ७५ टक्क्यांखाली नको. एम-२० ला अनुक्रमे १७ आणि १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. कोअरची लांबी व्यासाच्या दुप्पट नसेल तर दुरुस्ती गुणांक लावावा लागतो, अहवालात तो लावलाय का ते पाहावं. आमच्याकडे ताकद कशीबशी बसली, पण मधली जाडी ११ सेंटीमीटर निघाली. पूर्ण रुंदीला तीच धरली तर ३३ घनमीटर, म्हणजे १२ घनमीटरचा पैसा न टाकलेल्या काँक्रीटचा.

वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं. मार्चअखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून शेवटच्या आठवड्यात एमबी भरून बिलं निघतात. तक्रार त्याआधी, फेब्रुवारीतच, कार्यकारी अभियंत्याला पोचसह द्यावी. अंतिम बिल निघालं असलं तरी दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत सुरक्षा ठेव कार्यालयाकडे असते, म्हणून ‘ठेव परत करू नये’ अशी स्पष्ट मागणी करावी. आमच्या रस्त्याचं अंतिम बिल राहिलं होतं. फेरमोजणी होऊन कमी जाडीची रक्कम त्यातून कापली गेली. सांधे मात्र वेळेवर कापले नव्हते आणि भर उन्हाळ्यात पाणीही पुरेसं मारलं नव्हतं, त्यामुळे आडव्या भेगा पडल्या आहेत. ती दुरुस्ती आणि साइडपट्टीचा मुरूम ठेकेदाराच्या खर्चाने करून घेण्यासाठी वेगळं पत्र दिलं आहे. ठेव अजून कार्यालयाकडेच आहे.