फॉर्टी-लव्ह

मी टेनिस शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि मला लहान मुलांपेक्षा मोठ्यांची बॅच जास्त आवडते कारण मोठी माणसं प्रश्न विचारतात. त्या दिवशीचं डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

बॅचमध्ये एक काका-काकू होते, दोघं पन्नाशीच्या पुढचे, मिक्स्ड डबल्स शिकायला आलेले. तीन आठवडे झाले तरी कोर्टवर एकमेकांशी अवाक्षर नाही. डबल्समध्ये हे चालतच नाही हो, बॉल दोघांच्या मधे आला की कुणीतरी "माझा" नाहीतर "तुझा" ओरडावंच लागतं, नाहीतर दोघं बघत राहतात आणि बॉल मधनं निघून जातो. यांचे निम्मे पॉइंट असेच जायचे आणि मला फार वाईट वाटायचं.

त्या दिवशी सर्व्हिस घेत होतो. काकांची पकड इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी नेहमी रॅकेट ओढून बघते, जराशी ओढली की हातातून सुटायला आली पाहिजे, काकांची हलेचना. म्हटलं काका सैल धरा, एवढं आवळलं तर मनगट फिरणार कसं, तर मागनं काकू म्हणाल्या, "त्यांचं पहिल्यापासून तसंच आहे, एकदा धरलं की सोडायचं नाव नाही." शेजारच्या कोर्टवर कुणीतरी फिसकन हसलं.

मग टॉस. बॉल वर टाकला की तो पार वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा होतो, तोवर वाट बघायची असते, पण काका त्याआधीच रॅकेट फिरवून मोकळे. मी म्हटलं, "काका, घाई होतेय."

"अहो, तीस वर्षं मी तेच सांगतेय!" काकू एवढ्या मोठ्यांदा बोलल्या की दोन्ही कोर्टवरचा खेळ थांबला.

काका वळले. "आणि तू ऐन वेळी डोळे मिटून घेतेस त्याचं काय?"

आता हे खरं होतं, नेटजवळ व्हॉली, म्हणजे टप्पा न पडता येणारा बॉल, आली की काकू डोळे मिटायच्याच. पण तोवर सगळे पोट धरून हसत होते आणि काकू लालबुंद, तरी त्याही हसत होत्या. मला बरं वाटलं, कारण तीन आठवड्यांत पहिल्यांदा ही दोघं एकमेकांकडे बघून बोलली होती, म्हणून मी विषय बदलला नाही, तसंच पुढे नियम सांगत गेले. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी मिळते. नेटला घासून बरोबर बॉक्समध्ये पडली तर लेट, ती धरतच नाहीत, परत करायची, असं कितीही वेळा झालं तरी. "नियम करणारा माणूस समजूतदार होता," काका म्हणाले. मग स्कोअर. गेममध्ये पॉइंट पंधरा, तीस, चाळीस असे मोजतात आणि लव्ह म्हणजे शून्य म्हटल्यावर काका लगेच, "म्हणजे आमचं फॉर्टी-लव्हच झालंय, चाळिशी आली आणि पुढे शून्य."

काकू हसल्या नाहीत. टॉवेलची घडी घालत विचारलं, "आणि दोघांचे चाळीस झाले तर?"

म्हटलं, ड्यूस. तिथून कुणीतरी सलग दोन पॉइंट घ्यायचे, नाहीतर पुन्हा ड्यूस, त्याला मर्यादा नाही.

"म्हणजे चाळिशीनंतर कितीही वेळ चालतं?"

हो म्हटलं, चालतं. आणि मला मनापासून सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं की टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाने 2006 साली यूएस ओपनची मिक्स्ड डबल्स जिंकली तेव्हा तिचं वय 49 होतं. काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी रॅकेटवरची पकड सैल केली, मी बघितलं, पेरांचा रंग परत आला.

शेवटच्या गेममध्ये चार वेळा ड्यूस झाला. चौथ्या ड्यूसनंतर अ‍ॅडव्हान्टेज यांच्याकडे, म्हणजे जिंकायला एकच पॉइंट हवा असताना, बॉल बरोबर मधे आला, काका ओरडले "तुझा!" आणि काकूंनी डोळे उघडे ठेवून दोन्ही हातांनी तो कोपऱ्यात मारला. मी टाळ्या वाजवत राहिले.

निघताना काकांनी दोघांच्या बॅगा उचलल्या. काकू मागे थांबल्या, पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, उद्या सातच्या ऐवजी जरा उशिरा आलो तर चालेल ना?"

म्हटलं चालेल काकू, नऊला या.