वारस कोण लावलाय बघा जरा

पिग्मीवाला, म्हणजे पतसंस्थेसाठी दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारा. मोपेड, खांद्याला बॅग, हातात ते खेळण्यासारखं मशीन, पावती फाडली की पुढचं दुकान. लोकांना एवढंच दिसतं. मी १९ वर्षं कोल्हापुरात हेच करतोय, लक्ष्मीपुरीपासून उद्यमनगरपर्यंत रोजची दीडशेच्या आसपास खाती, शेकडा तीन कमिशन, वरनं पाऊस आणि कुत्री फुकट. सकाळी शाखेत मशीन भरून घ्यायचं, संध्याकाळी रिकामं करून रोकड जमा करायची, दहा रुपये कमी पडले तर खिशातले घालायचे.

पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. माणूस अडचणीत आलाय हे बँकेला कळायच्या आधी, बायकोला कळायच्या आधी, पिग्मीवाल्याला कळतं. दोनशेची शंभर होते, शंभरची पन्नास, मग "उद्या या", मग मला बघून माणूस फोन कानाला लावतो (स्क्रीन बंद असते, आम्हाला दिसते ती). आणि ज्याची पिग्मी अचानक वाढते त्याच्याकडं तर जास्त लक्ष द्यावं. दोनशेवाला एकदम पाचशे द्यायला लागला की मॅनेजर खूश होतो, मी मनात म्हणतो हा आता कर्ज मागणार. उलाढाल चांगली दिसावी म्हणून लोक उसने आणून पिग्मी भरतात. खोटं वाटेल पण बघितलंय.

तर उद्यमनगरातले एक शेठ. नाव सांगत नाही. उद्यमनगरात एक लेथ (लोखंड कातायचं मशीन) असला तरी माणूस शेठच असतो. वय ४४-४५, भाड्याचा गाळा, जुना लेथ, एक ड्रिल, मदतीला एक पोरगा. फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करायचे, मालाचे पैसे नव्वद-नव्वद दिवसांनी. राहायला जामदार क्लबच्या बाजूला, म्हणजे २०१९ ला घरात पाणी, २०२१ ला परत पाणी. फ्रीज, कपाट, पोरीची पुस्तकं दोनदा गेली. तिथनं सगळं सुरू झालं असं ते नंतर म्हणाले, मला तेवढं सरळ वाटत नाही, पण असो.

२०२३ मध्ये त्यांची पिग्मी पाचशेवर गेली. मला काय ते कळलं होतं. तीन लाखाचं कर्ज मागितलं तेव्हा मॅनेजरनं मलाच विचारलं, माणूस कसा आहे. मी म्हटलं, चोख. माणूस चोखच होता, खोटं काही बोललो नाही. फक्त पाचशेचं जे मला वाटत होतं ते बोललो नाही. पाचशेवर मलाही कमिशन मिळत होतं की.

पुढं ठरल्याप्रमाणं तीनशे, शंभर, पन्नास. मग एके रात्री माझ्या व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरनं शेठचा फोटो, त्यावर लाल अक्षरात 'चोर' आणि खाली शिव्या. लोन अॅपवाले. फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट ओढून घेतात आणि मेव्हण्यापासून पिग्मीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठवतात. मी काय केलं? डिलीट केला. दुसऱ्या दिवशी पन्नास घेतले, पावती दिली, दोघंही काही बोललो नाही. मला वाटलं अब्रू राखली मी त्यांची.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, झड लागलेली, राजाराम बंधारा पाण्याखाली, मी रेनकोटात मशीनला प्लॅस्टिक गुंडाळून फिरतोय. शेठनी मला लांबनं हाक मारली. हाक मारली! तेवीस दिवस तोंड चुकवणाऱ्या माणसानं. आत गेलो तर हातात मोजून अकराशे पन्नास ठेवले. "मामा, तेवीस दिवसांचं राहिलेलं."

आता हे नीट सांगायला पाहिजे. पिग्मीला थकबाकी नसते. चुकला दिवस तो चुकला, कोण मागत नाही, कोण देत नाही. १९ वर्षांत मला कुणी मागच्या दिवसांची पिग्मी मोजून दिलेली नाही. मी म्हटलं, शेठ असं नसतंय ओ. तर म्हणाले, "असू दे, कुणाचं ठेवायचं न्हाई." आणि मग एकदम साध्या आवाजात, "माझ्या खात्याला वारस कोण लावलाय बघा जरा."

मी मान वर केली तर लेथ बंद. नुसता बंद नाही, पुसलेला. चक पुसलेला, बेडवर तेलाचा हात फिरवलेला, टूल सगळी ओळीनं लावलेली, खाली बुर, म्हणजे लोखंडाचा कीस, एक कण नाही. खंडेनवमीला पुसतात तसा लेथ, भर जुलैत, आणि पोरग्याला सुट्टी दिलेली.

माझ्या पोटात कालवलं. मला ह्यातलं काही शिक्षण नाही, कुणी दिलंही नाही. कमिशन कसं वाढवायचं ह्याचं ट्रेनिंग वर्षातनं दोनदा देतात. मी रेनकोट काढला, पालथ्या बादलीवर बसलो आणि सरळ विचारलं, "शेठ, जिवाचं काय वाईट करायचं डोक्यात हाय का?" असं विचारू नये, डोक्यात नसलं तरी घातल्यासारखं होतं, असं आमच्या घरात म्हणायचे. मला तर उलटंच दिसलं. विचारल्यावर त्या माणसाचे खांदे खाली आले. बराच वेळानं म्हणाले, "मेव्हण्याला नोटीस गेली ओ."

मेव्हणा म्हणजे आमच्या कर्जाला जामीनदार. कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी जाते आणि नोटीस जामीनदारालाही जाते. दाखला झाला की जामीनदाराच्या पगाराला हात लागू शकतो. कर्जदार स्वतःचं सगळं सोसतो, पण जामीनदाराच्या दारात नोटीस गेली की मोडतो, हे बऱ्याच वेळा बघितलंय.

मी १४४१६ लावला. टेलिमानसचा सरकारी नंबर, फुकट असतोय, रात्री-अपरात्री पण चालतो, माझ्या भाचीमुळं माहीत होता. मराठीत बोलणारी बाई मिळाली. फोन त्यांच्या हातात दिला आणि दारात जाऊन उभा राहिलो. वीसेक मिनिटं बोलले असतील. काय बोलले मला माहीत नाही, विचारलं पण नाही. तेवढ्यात मॅनेजरचे तीन फोन, "लाइन का थांबलीय?" चौथा मी उचलला नाही.

मग मी ज्यांना फोन केला ते आमचे वसुलीचे साहेब. ह्या माणसाला सगळी संस्था टरकून असते. मिशा, बुलेट, कमी बोलणं, कुणाच्या दारात उभे राहिले की गल्ली गप्प. मी स्वतः १९ वर्षांत त्यांच्यासोबत चहा घेतला नव्हता. पण कर्जाचं सगळ्यात जास्त कळतं कुणाला तर त्यांनाच. पावसातनं आले, गाळा बघितला, पुसलेला लेथ बघितला, माझ्याकडं बघितलं आणि शेठना म्हणाले, "वही हाय का? कोरी."

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. साहेबांनी एकेक करून लिहून काढलं. कुणाचं, मुद्दल किती घेतलं, आजवर किती दिलं, आज किती राहिलं, महिन्याला किती जातंय. शेठना आठवायचं नाही तिथं फोनमधले मेसेज काढायला लावले. आमची संस्था १,८४,०००. दोन क्रेडिट कार्डं १,१२,०००. चार अॅप ६१,०००. खाजगी सावकार ८०,०००. सोनं तारण १,४०,०००. हातउसने ५५,०००. खाली रेघ मारली, सहा लाख बत्तीस हजार.

शेठ त्या आकड्याकडं बघत राहिले. "बारा-तेरा असतील वाटलं हुतं." म्हणजे माणूस निम्म्या कर्जाच्या भीतीनं नाही, दुप्पट कर्जाच्या भीतीनं जगत होता, वर्षभर. बेरीजच केलेली नव्हती. कशी करणार, रोज फोन वाजतोय, ह्याचं घेऊन त्याला देतोय. महिन्याला जाणारे ३९,५०० आणि चांगल्या महिन्यात हातात राहणारे ३४,०००, हे गणित लेथवर मायक्रॉन मोजणाऱ्या माणसानं कधी मांडलं नव्हतं.

सावकाराच्या ओळीवर साहेब थांबले. ८०,००० मुद्दल, महिना दहा टक्के, चौदा महिने ८,००० प्रमाणं १,१२,००० दिलेले आणि मुद्दल जाग्यावर. "लायसन हाय त्याचं?" कुठलं लायसन. २०१४ च्या सावकारी कायद्यात परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हा १२० घेत होता, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हा सावकार कोण, तर शेठच्याच तालमीतला, गणपतीला सगळ्यात मोठी पावती त्याचीच फाटते, स्टेजवर सत्कार. असल्या माणसांना शाल घालणारे आपणच.

अॅपचं पण तसंच. चारातली दोन रिझर्व्ह बँकेकडं नोंद असलेल्या कंपन्यांची, दोन बोगस. नोंद असलेल्यांनासुद्धा फोनमधल्या कॉन्टॅक्टला हात लावायला २०२२ पासून बंदी आहे, आणि वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. शेठना रात्री साडेअकराला यायचे. बोगसांची तक्रार १९३० वर तिथंच बसून केली, स्क्रीनशॉट मागितले आणि मी तोंड खाली घातलं, कारण माझ्याकडचा डिलीट झालेला.

इथपर्यंत सगळं ठीक. अडलं सोन्यावर. साडेतीन तोळे सोनं, जुन्या भावात तारण ठेवलेलं, आणि गेल्या वर्षी सोनं लाखावर गेलेलं. साहेब म्हणाले सोडवून विकायचं, कार्डं आणि नोंदणीची अॅप त्यातच फिटतात, कार्डाला महिना साडेतीन टक्के जातोय, सोनं धरून बसण्यात काय अर्थ? हिशेब बिनतोड. फक्त सोनं वैनींचं, आणि वैनींना वाटत होतं ते लॉकरमध्ये आहे.

"तिला सांगू नका," शेठ म्हणाले. "बाकी काय बी करा." साहेब म्हणाले तिला विचारल्याशिवाय मी पेन उचलणार नाही, आणि गप्प बसले. सहा वाजत आलेले, अंधारून आलेलं. माझ्या डोक्यात एकच, आता आपण उठून गेलो तर हा माणूस आणि हा पुसलेला लेथ दोघंच राहणार. मी बाहेर गेलो आणि वैनींना फोन केला. नंबर खात्यावर होता, वारस म्हणून.

हे बरोबर केलं का, ह्यावर मी आजपण अडकलेला आहे. खातेदाराची गोष्ट घरात न्यायची नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, त्याच्यावरच लोक पैसे हातात देतात. आठ महिने मी तो नियम पाळला, आणि पाळून काय झालं ते समोर बसलं होतं.

वैनी रिक्षानं आल्या, भिजलेल्या. शिवणकाम करतात, गळ्यात टेप तशीच. शेठ भिंतीकडं तोंड करून बसले. वैनींनी वही घेतली, वरनं खालपर्यंत वाचली, सोन्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट हललं नाही. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. तर म्हणाल्या, "ह्यात माझं न्हाई धरलं." बचत गटाचे तीस हजार. पोरीच्या फीला काढलेले, नवऱ्याला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. साहेबांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता खाली आणखी एक ओळ वाढवली. सहा लाख बासष्ट. त्यावर शेठ हसले की रडले मला नक्की सांगता येणार नाही, आवाज सारखाच होता.

पुढचं थोडक्यात. त्या रात्री मेव्हणा सोबतीला येऊन झोपला, नोटीस आलेला तोच. गुजरीत, सराफांच्या पेठेत, सोनं विकलं, घट वगैरे जाऊन ३,०४,००० आले, तारण व्याजासकट फिटलं, कार्डं फिटली. कार्डवाले 'सेटलमेंट करा, कमी भरा' म्हणत होते, साहेबांनी पूर्ण भरायला लावलं, कारण सेटल्ड शिक्का सिबिलला राहतो. नोंदणीची दोन अॅप फिटली, बोगसांना काही दिलं नाही, मुद्दलाच्या वर आधीच गेलं होतं. मॅनेजरला ह्या सगळ्यात सुचलं काय, तर नवं-जुनं. म्हणजे जुनं कर्ज भरायला त्याहून मोठं नवं कर्ज, थकबाकी कागदावर शून्य, मार्चला सगळे खूश. साहेबांनी संचालकांच्या मीटिंगमध्ये भांडून मुदत वाढवून घेतली, हप्ता ९,५०० चा ६,००० झाला. जिल्हा उपनिबंधकांकडं सावकाराविरुद्ध अर्ज दिलाय, जबाब झालाय, कोरे चेक अजून त्याच्याकडंच आहेत. दोनदा त्याची पोरं गाळ्यावर येऊन गेली. अर्ज दिल्यापासून नाही आली. तालमीत मात्र शेठशी कोण बोलत नाही.

आणि शेठ माझ्याशी बोलत नाहीत. मेव्हण्याला म्हणाले म्हणे, पिग्मीवाल्यानं घरात आग लावली. साहेबांना बघून मात्र उठून उभे राहतात, चहा सांगतात. ज्यानं नोटीस पाठवली त्याला चहा! मला राग येतो, खोटं कशाला बोलू. मग तो डिलीट केलेला फोटो आठवतो आणि राग गिळतो.

पिग्मी आता वैनींच्या नावावर आहे, तीस रुपये. वैनी सकाळी गाळ्यावर ठेवून जातात, व्हर्नियरच्या डबीखाली, दहाच्या तीन नोटा. मी जातो तेव्हा लेथ चालू असतो, बुर उडत असते, शेठ पाठमोरे. नुसती मानेनं डबी दाखवतात. मी नोटा घेतो, पावती काढतो, डबीखाली ठेवतो. दुसऱ्या दिवशी गेलो की कालची पावती तिथंच असते, तेलाचं बोट लागलेली, वर नव्या तीन नोटा.