हत्तिणीच्या अलीकडचा थांबा

शनिवार, रात्री उशिरा

भाच्याने आज माझं वाक्य पुरं केलं. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, हे कळतं. तरी लागलंय, आणि झोप येत नाही म्हणून लिहितेय.

झालं ते एवढंच. जेवणं आटोपून सगळे बसले होते, कुणीतरी मेट्रोच्या गर्दीचा विषय काढला आणि मी (अर्थातच) वुपरटालवर आले. जर्मनीतली ती टांगती रेल्वे, वर रूळ, खाली नदी, मध्ये लोंबकळत चाललेले डबे. १९५० सालच्या जुलैमध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी लहानग्या हत्तिणीला त्या डब्यात चढवलं. इथे मी जरा थांबते. नेहमीच थांबते म्हणे. तर त्या थांबण्यात भाचा म्हणाला, "आणि टुफी डबा फोडून थेट नदीत! पण तिला नुसतं खरचटलं." म्हणाला तेवढ्यावर भागलं असतं. त्याने उजवा हात वरून खाली आणला, बोटं पसरली, भुवया चढवल्या. तो माझा हात होता. भाऊजी सगळ्यांत मोठ्यांदा हसले. आईसुद्धा हसली. ताई हसली नाही, ती फोनमध्ये बघत होती. ते प्रकरण निराळंच आहे.

हसले मीही. मग उगाचच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

किस्सा सगळ्यांना पाठ आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण किस्सा पाठ असणं वेगळं आणि मी पाठ असणं वेगळं. तो हात मी मुद्दाम खाली आणत नाही. सांगताना मला ती खरंच दिसते, दहाएक मीटर खाली, वुपर नदीच्या उथळ पाण्याकडे निघालेली, आणि हात आपोआप जातो. मला वाटायचं की हे आत चाललंय. बाहेरून बघणाऱ्यांना ते नाटुकल्यातल्या ठरलेल्या हालचालीसारखं दिसत होतं तर. किती वर्षं दिसत होतं, कोण जाणे.

आई नंतर म्हणाली, "अगं, लक्षात ठेवलंय त्याने, चांगलंच आहे की." लक्षात तर मलाही एकोणतीसचा पाढा आहे. आवडतो म्हणून नाही.

आणि राग याचा येतोय की हत्तीण ही त्या गोष्टीतली सगळ्यांत कमी महत्त्वाची बाब आहे! लोक हत्तिणीपाशी हसतात आणि उठतात. पुढचं कुणी ऐकतच नाही. दरी अरुंद, मधून नदी, दोन्ही काठांवर कारखाने आणि घरं, जमिनीवर रूळ टाकायला जागाच नाही, मग यूजेन लांगेन नावाच्या अभियंत्याची टांगत्या गाडीची कल्पना उचलून रेल्वे सरळ नदीच्या डोक्यावरून नेली. १ मार्च १९०१ ला ती लोकांसाठी सुरू झाली. एकूण १३.३ किलोमीटरची वाट, त्यातले जवळजवळ १० किलोमीटर पाण्यावरून. आणि ती काही जत्रेतली गंमत नाही. माणसं तिने कामावर जातात, जांभया देतात, उतरायचं ठिकाण आलं की उतरतात. मला जे आवडतं ते हे आहे. विचित्र वस्तू इतकी रुळते की तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारचंही तेच. डब्यात इंजीनच नाही. रस्त्याखाली पोलादी दोर ताशी १५ किलोमीटरने अखंड फिरत असतो, चालवणारा लांब दांड्याने तो पकडतो की गाडी चालते, सोडतो आणि ब्रेक लावतो की थांबते. १९४७ मध्ये तिथल्या महापौरांनी त्या गाड्या मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी शहरातल्या महिला संघटना एकत्र आणून त्या वाचवल्या. क्लुसमनबाई जेवणानंतर केबल कारचा विषय काढायच्या तेव्हा त्यांच्या घरी कोण कोण हसायचं, याची मला फार उत्सुकता आहे. त्यांच्या विरोधकांनी बसगाड्यांचे फायदे मांडले असतील, हात खाली आणून दाखवला नसेल.

बघा, मी वुपरटालला गेलेलीच नाही. ठरलं होतं. मग बाबांचं ते सगळं झालं.

तर माझा हात जो खाली येतो, तोही न पाहिलेल्या दृश्यावरूनच. आणि गंमत म्हणजे ते दृश्य कुणाकडेच नाही. डब्यात पत्रकार आणि छायाचित्रकारांची गर्दी होती, पण टुफी पडतानाचा एकही फोटो नाही. पोस्टकार्डांवर जो दिसतो, माझ्या कपाटाच्या दारावर जो चिकटवलाय, तो नंतर तुकडे जोडून केलेला आहे. हे मी भाच्याला कधी सांगितलं नव्हतं. राखून ठेवलं होतं. आता सांगायला गेले तर तो थांबायची जागा आधीच हेरेल.

हे लिहिता लिहिता मघाशी एकटीच हसले, त्याचं कारण सांगायला हवं. भाऊजींची ती मॅच. शेवटचं षटक सांगायच्या आधी ते चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात, उजेडाकडे धरतात, आणि मग म्हणतात, "आता बघा." गेली कित्येक वर्षं ताई आणि मी स्वयंपाकघरात ते हुबेहूब करून दाखवतो. ताई चष्मा पुसते, मी "आता बघा" म्हणते. प्रेमाने करतो? अर्धं प्रेमाने. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज जास्त विचार करत नाही. भाच्याने हे कुठून उचललं असेल ते मात्र स्पष्टच आहे. स्वयंपाकघराचं दार उघडंच असतं.

कपाटात श्टोलन मुरत पडलाय. त्याचा वास मध्येच येतो. नाताळचा हा पाव केल्या केल्या खायचा नसतो, दोनतीन आठवडे गुंडाळून ठेवायचा, म्हणजे आतल्या फळांचा ओलावा कणकेत उतरतो. यंदा यीस्टने छळलं नाही. मैद्याच्या निम्मं लोणी घातलं की यीस्ट बिचारं सुस्तावतं, म्हणून आधी थोडा मैदा, दूध आणि यीस्ट एवढ्याचंच मिश्रण फुगवून घ्यायचं, लोणी मागाहून. रममध्ये भिजवलेले बेदाणे आणि पाकवलेली संत्र्याची साल सगळ्यांत शेवटी, हलक्या हाताने. आधी घातली तर मळताना फुटतात आणि कणीक मळकट दिसते. भाजून गरम असतानाच वरून वितळलेलं लोणी, मग पिठीसाखर, इतकी की खालचा पाव दिसू नये. माझी साखर नेहमी एका बाजूला जास्त पडते.

आणि हा श्टोलन जर्मनीतल्या ज्या ड्रेस्डेन शहराचा, तिथेही एक टांगती रेल्वे आहे! टेकडी चढणारी, लहानशी, तीही १९०१ चीच, लांगेनच्याच पद्धतीची. आता हे माहीत असून गप्प बसायचं म्हणजे माणसाने करायचं तरी काय?

श्टोलनचा इतिहास तर त्याहून रसाळ. नाताळाआधीचे आठवडे उपासाचे, लोणी वर्ज्य, म्हणून जुना श्टोलन तेलात व्हायचा आणि कुणाला आवडायचा नाही. शेवटी १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीला (ड्रेस्डेन याच मुलखातलं) लोणी वापरायची परवानगी दिली, पण चर्चच्या बांधकामाला पैसे देण्याच्या अटीवर. पुढे १७३० मध्ये सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्ट द स्ट्राँग याने सैन्याच्या मोठ्या कवायतीच्या वेळी १.८ टनांचा श्टोलन करवून घेतला. त्याच्यासाठी वेगळी भट्टी बांधावी लागली आणि कापायला वेगळी सुरी करावी लागली. एवढ्या मोठ्या पावाला आतून भाजायला किती वेळ लागला असेल, यावर मी एकदा तासभर बोलले होते. भाऊजींशी. त्यांनी चष्मा काढला नव्हता, ऐकत होते बहुतेक.

ताईचा आत्ताच मेसेज आला. म्हणजे तीही जागी आहे. दुपारच्या त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. विचारलंय, श्टोलन कापायच्या दिवशी भाषण किती मिनिटांचं असेल, त्या अंदाजाने भाऊजींना बोलवते. मी कळवलं, १४९१ पासून सुरू केलं तर वीस, १७३० पासून केलं तर आठ. तिने १७३० निवडलं. पोपला गाळायचं माझ्या जिवावर आलंय, पण साखर पेरताना त्याचं घाईघाईत उरकता येईल, तेव्हा सगळ्यांचं लक्ष ताटलीकडे असतं.