दहावीनंतर गॅरेज की आयटीआय?

‘मुलगा दहावी झालाय, गाड्यांचं भारी वेड आहे. तुमच्याच गॅरेजात ठेवून घ्या ना, आयटीआयमध्ये वर्षं कशाला घालवायची?’ गोव्यात फोंड्याला माझं गॅरेज आहे, त्यामुळे निकाल लागले की पालक हे विचारतातच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी आयटीआय, मग गॅरेज.

मी थेट गॅरेजातच शिकलो. नट किती आवळायचा, बेअरिंगचा आवाज कुठून येतोय, हे हाताकानांना तिथंच कळतं. पण वीज हाताला कळत नाही. गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली. इंजिन सुरू करणारी मोटर, म्हणजे स्टार्टर, रडत फिरायचा, बॅटरी दोनदा बदलून झालेली. माझ्याकडच्या आयटीआय केलेल्या पोरानं मल्टीमीटरची, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राची, एक पिन बॅटरीच्या मायनसला धरली, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि मला चावी मारायला सांगितली. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तो दीडवर गेला. बॅटरी ठणठणीत होती, वीज वाटेत अडत होती. अर्थिंगची वायर बॉडीला बसते तिथला बोल्ट काढला, तर खाली तांबडा गंज. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार? पॉलिश पेपरनं घासून आवळल्यावर पहिल्या चावीला इंजिन सुरू झालं.

ही तपासणी मी फार उशिरा शिकलो. तोवर किती गिऱ्हाइकांना उगाच नव्या बॅटऱ्या घ्यायला लावल्या असतील, याची मला आजही खंत वाटते.

एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-6 हे कडक नियम आले आणि दुरुस्तीत सेन्सरची तपासणी आणखी वाढली. गाडीला जोडलेला स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, पण सेन्सर गेलाय की त्याची वायर तुटलीय, ते मोजूनच ठरवावं लागतं.

‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, ‘मेकॅनिक डिझेल’ एका वर्षाचा. फर्मागुडी, म्हापसा, डिचोली इथं सरकारी आयटीआय आहेत. कुठं कोणता ट्रेड चालतो ते फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या. नंतर अप्रेंटिसशिप करता येते, तेव्हा स्टायपेंडही मिळतो.

तोवर सुट्टीच्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठवा. पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पाना देणार नाही, मल्टीमीटर देईन.