दहाचं भोक, नऊचा नट

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात टेम्पोच्या बॉड्या बनतात. घरगुती गाडीचं काम मी शक्यतो घेत नाही. पैसे कमी आणि मालक डोक्यावर उभा. पण गेल्या १२ डिसेंबरला सकाळीच एक काका जुनी ओम्नी घेऊन आले. मागचं दार वर करून म्हणाले, "बोल्ट घट्टही होत नाही आणि सुटतही नाही. नुसता गरगर फिरतो."

काकांना आकाशदर्शनाचा नाद. दुसऱ्या रात्री मिथुनेतल्या उल्का बघायला वांगणीला जायचं होतं. दुर्बिणीच्या पेटीसाठी त्यांनी घरीच रॅक केला होता आणि बाजूच्या पत्र्यावर सहा रिव्हेट नट मारून लावला होता. त्या पत्र्याच्या मागे हात जात नाही, म्हणून हा नट. भोकात घालायचा, पुढूनच ओढायचा, मागे त्याचं पोट फुगतं आणि तो पत्र्याला धरून बसतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फ काढायचे रबरी पट्टे बसवण्यासाठी ही युक्ती निघाली, कारण पंखाच्या आतही हात जात नव्हता. हे सांगितल्यावर काका खूश झाले. मग पिशवीतून त्यांनी नट ओढायचं आपलं हत्यार काढलं.

दोन लांब दांड्यांचं, ऑनलाइन मागवलेलं, स्वस्तातलं. मी हसलो. "काका, हे खेळणं आहे." आमचा हेल्परही हसला. आता वाटतं, तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

कारण दोष हत्याराचा नव्हताच. एम-६ च्या, म्हणजे ६ मिलिमीटर बोल्टच्या नटाला ९ मिलिमीटरचं भोक लागतं. मी विचारलं, "भोक कशाने पाडलंत?" त्यांनी पायऱ्यांचा ड्रिल बिट दाखवला. चार, सहा, आठ, दहा, बारा. नऊची पायरीच नाही! आठात नट जाईना, म्हणून त्यांनी दहा केलं. आधीच पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही, त्यात भोक सैल. नटाच्या अंगावरच्या रेघा पत्र्याला चावणार कशा? शिवाय नट ॲल्युमिनियमचे. गाडी रोज खाडीकाठच्या दमट हवेत उभी. लोखंडाच्या संगतीत तिथे ॲल्युमिनियम आधी खराब होतं.

बोल्ट काढण्यातच अर्धी सकाळ गेली. रॅकच्या पट्टीखाली स्क्रू ड्रायव्हर घालून मी उचकटून धरायचं, म्हणजे फुगलेलं पोट मागून पत्र्याला आवळतं, आणि पोऱ्याने पाना फिरवायचा. मग नट काढणं. नुसतं ड्रिल लावलं की नट बिटाबरोबर फिरतो, म्हणून व्हाइस ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, नटाची पुढची कड (कॉलर) पकडून ती ड्रिलने उडवायची. नटांचे मागचे फुगलेले भाग, म्हणजे शेपट्या, पत्र्याच्या आत पडल्या. ॲल्युमिनियम असल्याने चुंबकाचा उपयोग नाही. मागचा दिवा काढून तारेच्या आकड्याने पाच काढल्या. सहावी सापडली नाही.

दहाचं भोक छोटं होत नाही, तेव्हा मोठंच करायचं. सगळी भोकं ११ ची केली, कानस फिरवून कडेला गंज रोखणारं रेड ऑक्साइड लावलं आणि एम-८ चे झिंक केलेले लोखंडी नट घेतले. पट्टीचीही भोकं वाढवली. तेवढ्यात काकांनी हळूच विचारलं, "याच नटांवर भाच्यासाठी एक छोटी सीट बसेल का?" मी सरळ नाही म्हटलं. माणूस बसतो तिथे आणि सीटबेल्टला हा नट मी लावणार नाही. धडकेत पातळ पत्राच फाटून येईल.

दोन नट आमच्या हवेच्या गनने बसवले आणि लाइट गेली. टाकीत उरलेल्या हवेवर तिसरा काही ओढला जाईना. काका काही बोलले नाहीत, फक्त दांड्या पुढे केल्या.

भंगार पत्र्यावर एक नट मारून बघितला. हत्याराच्या टोकाच्या आट्यांच्या स्क्रूला, म्हणजे मँड्रेलला, तेलाचा थेंब, नट पूर्ण चढवलेला, दांड्या सावकाश. छान बसला! ओढताना हाताला जड लागतं तिथे थांबायचं. पुढे दाबलं तर नटाचे आटे जातात. गाडीवरचे तिसरा-चौथाही छान. पाचव्याला मी घाई केली. मँड्रेल तीन-चार आट्यांवरच अडकवला आणि ओढला. कट्ट! मँड्रेलच्या टोकाचे आटे साफ. नट मात्र नुसता भोकात, न फुगता.

पोऱ्या दुसरीकडे बघू लागला. काका म्हणाले, "माझंही असंच झालं होतं, पण मला वाटलं मलाच येत नाही."

उरलेले दोन मग जुन्या पद्धतीने. १२.९ ग्रेडचा, म्हणजे खूप मजबूत पोलादाचा ॲलन बोल्ट, त्यावर एक नट, ग्रीस लावलेला वॉशर, खाली रिव्हेट नट. ॲलन की धरून ठेवायची आणि वरचा नट पान्याने आवळत जायचा, बोल्ट आपोआप वर ओढला जातो. वेळ लागतो, पण नट बसतो. मजुरीतून मँड्रेलचे पैसे मी वजा केले.

सोमवारी काकांचा फोन आला. रॅक जराही हलला नव्हता. "उल्का पहाटेपर्यंत मोजल्या. पण ती सहावी शेपटी आहे ना, प्रत्येक गतिरोधकाला वाजते."

"या एकदा, मागचा दिवा परत काढू," मी म्हणालो.

"राहू द्या," काका म्हणाले. "सवय झाली."