कॅनबराच्या टेकड्यांवरची न कोमेजणारी डेझी

नोव्हेंबरात इथला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतला, वसंत सरत येतो आणि उन्हाला धार चढते. ब्लॅक माउंटन, माउंट एन्स्ली अशा टेकड्यांच्या पायवाटांवर, निलगिरीच्या विरळ सावलीत, तेव्हा पिवळीधमक फुलं उमललेली असतात. इथले लोक त्यांना स्टिकी एव्हरलास्टिंग, म्हणजे चिकट, न कोमेजणारी, म्हणतात. शास्त्रीय नाव झेरोक्रायसम व्हिस्कोसम.

माझा आग्रह असतो की आधी पान बघावं. अरुंद, लांबट, हिरवं, स्पर्शाला खरखरीत. आणि दोन बोटांत धरलं की बोटं चिकटतात. याच कुळातली बागांतून लावतात ती सोनेरी एव्हरलास्टिंग. तिची पानं रुंद, 10 सेंटिमीटरपर्यंत लांब.

आता फूल. खरं तर ते एक फूल नव्हेच, सूर्यफुलासारखा अनेक बारीक फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक. पण सूर्यफुलाला कडेने पाकळ्यांसारखी फुलं असतात, हिला तीही नाहीत. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती छदे, म्हणजे गुच्छाला वेढणारी पानांचीच बदललेली रूपं, कोरड्या कागदासारखी. बोट फिरवलं तर चक्क सळसळतात. मधल्या पिवळ्या चकतीत इवली नळीदार फुलं कडेकडून आत उमलत जातात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या छदांचं हलणं. फूल पूर्ण उमलतं तोवर त्यांच्या पेशी मेलेल्या असतात, तरी ती उघडतात आणि मिटतात! हवा दमट झाली, दव पडलं, की छदाच्या तळाशी बाहेरच्या अंगाच्या पेशी पाणी शोषून लांबतात आणि छद आत वळतं. ऊन लागून वाळलं की पुन्हा बाहेर. यात जिवंतपणाचा काही संबंधच नाही, म्हणून फुलदाणीतल्या सुकवलेल्या एव्हरलास्टिंगवर पाणी शिंपडलं तरी ती मिटते. लहान मुलांना दाखवावा असा हा प्रयोग आहे.

टेकडीवरची फुलं मात्र तोडू नका. हे राखीव निसर्गक्षेत्र आहे, तिथली रोपं उचलणं कायद्याने गुन्हा ठरतो. निवांत न्याहाळायची असतील तर ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशीच ऑस्ट्रेलियन नॅशनल बोटॅनिक गार्डन्स आहे. प्रवेश विनामूल्य, आणि झाडांपाशी नावांच्या पाट्या. कुणी इकडे येणार असाल तर कोरडा, उन्हाचा दिवस निवडा आणि दव वाळल्यावरच निघा. भल्या सकाळी गेलात तर सगळ्या कळ्याच आहेत असं वाटून परत याल.