आमची वाटचाल: काजू बीपासून डब्यापर्यंत

सिंधुदुर्गातल्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीवर काजू वाढला तो वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या कलमांमुळे आणि 1990 नंतर रोजगार हमीतून झालेल्या फळबाग लागवडीमुळे. गावठी झाडं आधीही होती, पण त्यांची बी बारीक. ‘वेंगुर्ला-7’ या कलमाची बी 10 ग्रॅमच्या आसपास भरते. आमचा कारखाना या कलमांच्याच जिवावर चालतो.

नफा-तोटा ठरतो मार्च ते मे या खरेदीत. बी कानाशी हलवून बघायची, सुकलेली खुळखुळते. स्वस्त मिळते म्हणून ओली बी भरली, की पोत्यात बुरशी धरते आणि पावसाळ्यात गर काळपट निघतो. दोन-तीन कडक उन्हं देऊन ओलावा 8 टक्क्यांवर आणायचा, मग पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

त्यानंतर आकारानुसार चाळणी. इथे आळस केला तर पुढचं सगळं फसतं. एकाच वाफेत बारीक बी जास्त शिजून गर पिवळट पडतो, मोठी कच्ची राहून गर टरफलाला धरून तुटतो. वाफवलेली बी रात्रभर पसरून गार करतो, कारण गरम बी कापली तर टरफलातला चीक गराला लागतो. कापणाऱ्या बायका हाताला एरंडेल चोपडतात, नाहीतर कातडी सोलवटते.

कापून निघालेला गर भट्टीत 65 ते 70 अंशांवर 6 ते 8 तास सुकवायचा, आणि ट्रे मध्येच खालीवर करायचे. कमी सुकलं तर साल सुटत नाही. जास्त सुकलं तर सोलताना गर फुटून पाकळ्या होतात. 100 किलो बीतून पंचविसेक किलो गर मिळतो. आमची कमाई म्हणजे अखंड गर आणि पाकळी यांच्या दरातला फरक. अखंड गराची प्रत नंबरावर ठरते: ‘240’ नंबर म्हणजे 454 ग्रॅममध्ये 220 ते 240 अखंड गर.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आमचा माल अजून ट्रकनेच जातो, रेल्वेने गिऱ्हाईक मात्र दारात आणलं. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी आफ्रिकेतल्या बीचा गर दुकानांत ‘कोकणी’ म्हणून खपतोच.

टरफलं तेलवाल्यांकडे जातात. बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ते रसाळ फळ, बहुतेक बागेतच कुजतो. गोव्यात त्याची फेणी होते. आमच्याकडे त्याच दिवशी रस काढायला माणसं नसतात, सगळी बी वेचण्यात गुंतलेली.